बोरजाईवाडीचं शून्य

मनुबाई गाडीतून उतरली ती डावा पाय अधांतरी धरून, चाकाचा आधार घेत. सुट्टीला कडेगावी आलेल्या मानसिंगनं ते पाहिलं आणि हातातलं पत्र घाईघाईनं खिशात कोंबलं.

"काय झालं गं पायाला?"

"काय न्हाई रं दादा. काटा मोडलाय," ती म्हणाली आणि लुगड्याचा काठ घोट्याच्या खाली ओढला.

काटा म्हणे. काटा मोडलेलं माणूस टाच उचलून चालतं नाहीतर चवडा उचलून चालतं, एवढं कडेगावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मनुबाई तर अख्खं पाऊलच टेकत नव्हती. मानसिंग पुण्यात तीन वर्षं डॉक्टरकी शिकत होता, त्याला ते कळायला नको होतं का? कळलं होतं. म्हणूनच तो गुमान तिचं बोचकं उचलून घरात गेला.

आई, साळूबाई, भाकरतुकडा ओवाळून टाकता टाकता वेगळ्याच गोष्टीवर अडली होती. "सातव्यातच कशी धाडली गं? अजून ओटी भरायची हाय. सासरची ओटी भरल्याबिगर पोर माहेरी धाडतात व्हय? ईनबाईंना रीतभात काय हाय का न्हाई?"

"धाडली त्यांनी," मनुबाई म्हणाली. नवरा लालासाहेब पलटणीत होता, तेव्हा धाडणारी सासूच. साळूबाईनं नाक मुरडलं आणि ती चुलीकडं वळली.

मानसिंगच्या खिशातलं पत्र सकाळच्या टपालानं आलं होतं. सकाळपासून त्यानं ते चार वेळा वाचलं होतं, आणि चारही वेळा गड्याची छाती फुगली होती. पुण्याहून प्रोफेसरसाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: "यादव, नारूवरचा आपला निबंध परिषदेत वाचला जाणार. त्यावर माझ्या नावाखाली तुमचं नाव छापलं जाईल. आणखी आनंदाची गोष्ट म्हणजे तुमच्या तक्त्यावरून हुकूम निघाला आहे. खडकवस्ती आणि मेटकरवाडीच्या विहिरी अक्षयतृतीयेला बंद होतील आणि तिथली माणसं त्या दिवसापासून बोरजाईवाडीच्या विहिरीचं पाणी भरतील. तुमच्या शून्यानं ती विहीर निर्दोष ठरली. मी फोटो घ्यायला जातीनं येतो आहे. तुम्हीही या."

बोरजाईवाडी म्हणजे मनुबाईचं सासर. अक्षयतृतीया परवावर आली होती.

आता त्या शून्याची गोष्ट सांगायला हवी. गेल्या साली, सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात, प्रोफेसरांनी अख्ख्या वर्गातून मानसिंगला निवडलं. बाकीची पोरं म्हणाली, "ह्या मानश्याला मढी फाडायची सोडून जंत मोजायला धाडलंय." हसणारे हसले. पण आटपाडीकडच्या कोरड्या मुलखात नारू म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. पायाला फोड येतो, फोड फुटतो आणि आतनं हात-हातभर लांब पांढरा दोऱ्यासारखा किडा निघायला लागतो. तो ओढला तर तुटतो आणि पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज बोटभर काढायचा, महिना महिना. ऐन पेरणीला माणूस आडवा. आग होते म्हणून तोच पाय तो पायऱ्यांच्या विहिरीत बुडवतो, किडा पाण्यात पिल्लं सोडतो, आणि ते पाणी जो पिईल त्याच्या अंगातनं पुढच्या साली नवा दोरा बाहेर पडतो.

प्रोफेसरांनी छापील तक्ते दिले. घर, माणसं, पाय, पाणी. आणि नियम दोनच सांगितले. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. गाळल्याशिवाय प्यायचं नाही.

खडकवस्तीत आणि मेटकरवाडीत मानसिंगनं दोन्ही नियम देवाच्या आणेसारखे पाळले. घरोघर जाऊन एकेक पाय पाहिला. शिव्या खाल्ल्या, कुत्री अंगावर घेतली, पण पाहिला. पाणी उकळून, दुपदरी फडक्यातनं गाळून प्याला, आणि बायांनाही तसंच करायला सांगत फिरला. तिसरी उरली बोरजाईवाडी. तिथं मनुबाईला देऊन चार महिने झाले होते.

तो ओसरीवर बसला तशी मनुबाईची सासू, धोंडुबाई, "घ्या पावनं, घ्या पावनं" म्हणत गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन पुढं आली. भावकी सगळी भिंतीला टेकून बसलेली. मानसिंगच्या खिशात फडकं होतं. हातही गेला खिशाकडं. पण चार महिन्यांची सोयरीक, आपण मुलीकडचे, आणि विहीणबाईच्या हातच्या पाण्यावर फडकं धरायचं? मग पुढं मनीला त्या घरात कोण सुखानं नांदवील? त्यानं हात तसाच मागं घेतला आणि तांब्या तोंडाला लावून गटागटा रिकामा केला.

मग खाली बघत विचारलं, "आपल्यात कुणाला नारूबिरू?"

वाडीचे पाटील, तिचे दीर नाथाजी, मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, "आमच्यावर बोरजाईची किरपा हाय, पावनं. तसलं काय न्हाई आमच्यात."

समोर गोठ्यात घोंगडं पांघरून कुणीतरी निजलं होतं. भर वैशाखात घोंगडं. खालनं एक पाय बाहेर आला होता आणि त्याला नारूवर बांधतात तशी रुईची पानं बांधली होती. मानसिंगनं तो पाय पाहिला. उठून दोन पावलं टाकली असती तर झालं असतं. पण सोयऱ्याच्या गोठ्यात जाऊन घोंगडी उचकटायची? सुनांचे पाय दाखवा म्हणायचं? त्यानं तक्ता काढला आणि घरं छत्तीस, माणसं एकशे नव्वद, नारू शून्य असं लिहून मोकळा झाला. विहिरीवर जाऊन तपासणीसाठी पाण्याची बाटलीसुद्धा भरली नाही.

पुण्यात प्रोफेसरांनी तो तक्ता दोन्ही हातांनी धरला. "यादव, हे शून्य तुमच्या त्या दोन गावांपेक्षा मोलाचं आहे. निरोगी गाव असल्याशिवाय तुलना कशाशी करायची?" त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद होता की मानसिंगला खरं सांगवेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता साल सरलं.

दुपारी जेवणं झाली. साळूबाई शेजारी पापड लाटायला गेली. मनुबाई भिंत धरून उठली आणि परसाकडं निघाली.

"कुठं निघालीस?"

"पाय भिजवून येते. लय आग हुतीया. पाण्यात घातला की बरं वाटतं."

परसात पायऱ्यांची विहीर होती. घरादाराचं पिण्याचं पाणी तिथलंच. मानसिंग असा उठला की पाट कलंडला. "हिरीत पाय घालायचा न्हाई. एक पायरीबी उतरायचं न्हाई. बस खाली."

मनुबाई मटकन बसली. सात महिन्यांचं पोट घेऊन ती नुसती बघत राहिली. त्यानं लोटाभर गार पाणी आणलं, लुगड्याचा काठ वर सरकवला आणि पावलावर धार धरली. घोट्याजवळ फोड होता, भोवती लाल. पाणी पडलं तसा तो फुटला, दुधासारखं काहीतरी वाहिलं आणि मधोमध पांढरं टोक दिसलं. मानसिंगनं असे दोनशे पाय पाहिले होते. पण हा मनीचा होता.

"हे कवापासनं?"

"पाच-सा दिस झालं."

"वाडीत आणिक कुणाला हाय?"

मनुबाईनं पदरानं घोटा टिपला. मग म्हणाली, "कुणाला न्हाई ते इचार. तू गेल्या साली आलतास तवा गोठ्यात मामंजी हुते. दोगी जावा आत लपून बसल्यात्या. मी चुलीपुढं हुते, दादा. म्हटलं, आता माझा भाऊ उठंल, गोठ्यात जाईल. तू पाणी पिऊन मोकळा झालास."

मानसिंगच्या अंगातली सगळी हवाच गेली. त्यानं पत्रातला हुकूम तिला सांगितला. दोन वस्त्यांची चारशे माणसं परवापासून त्याच पायऱ्या उतरणार, त्यातली कितीतरी फोडांचे पाय घेऊन. आणि बोरजाईवाडी धरून सहाशे माणसं तेच पाणी पिणार. का, तर मानसिंग यादवनं शून्य लिहिलं म्हणून.

मनुबाईनं त्याचं मनगट धरलं. "तू सांग त्यांना. पर माझं नाव घेऊ नगंस. सुनंनं भावाजवळ गाव उघडं पाडलं म्हणतील. मग मला आणि ह्या लेकराला न्यायला कोण येईल?"

उरलेली दुपार मानसिंग सोप्यात बसून राहिला. आणि त्या बसण्यात त्याच्या मनात काय आलं, तेही सांगून टाकतो, लपवायचं कशाला? त्याच्या मनात आलं की नारू सालानं उगवतो. आज गप्प बसलं तर वर्षभर कुणाला काही कळणार नाही. निबंध वाचला जाईल, नाव छापलं जाईल, पुढच्या उन्हाळ्यात तो परीक्षा देऊन मोकळा होईल. तेव्हा बोरजाईवाडीत दोरे निघाले तर कोण विचारणार? पाण्याला काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं? आजारी आहे असं पत्र टाकलं की झालं. आणि खरं सांगितलं तर? खोटा तक्ता लिहिणाऱ्याला कॉलेजात कोण ठेवील? भाऊबंदांत पहिला डॉक्टर व्हायचा, तो ऊस तोडायला परत येणार.

हा विचार करताना तो उजवी पोटरी खाजवत होता. चार दिवस खाजवत होता. उसातलं कुसळ असेल म्हणून त्यानं तिकडं पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे पाहायची हिंमत नव्हती. मावळतीला त्यानं दार लोटलं, विजार वर केली आणि उजेडाकडं पाय धरला. चिंचोक्याएवढा फोड होता.

पहिला विचार आला तो लपवायचा. लगेच फडकं आणलं आणि गच्च गुंडाळलंसुद्धा. साळूबाईनं विचारलं तर म्हणाला, "कुसळ." आणि तोंडातनं तो शब्द बाहेर पडताच त्याला वाटलं, सकाळी मनी असंच म्हणाली होती. काटा. अख्खी बोरजाईवाडी गेली कित्येक सालं असंच म्हणत असणार.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. कोळशावरची मोटार विट्याच्या अलीकडं दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा मानसिंगला वाटलं, बरं झालं, पोचूच नये. आटपाडीत धर्मशाळेत पडला. अक्षयतृतीयेला उन्हं वर यायच्या आत तीन कोस चालत बोरजाईवाडी गाठली. प्रत्येक पावलाला पोटरीतनं कळ मस्तकात जात होती.

विहिरीवर ही गर्दी. पायऱ्यांना हळदकुंकू वाहिलेलं, नाथाजी पाटील फेटा बांधून नारळ हातात घेऊन उभे. प्रोफेसरसाहेब तिकाटण्यावर कॅमेरा लावत होते. खडकवस्तीच्या बाया घागरी घेऊन ओळीनं उभ्या होत्या, आणि बोरजाईवाडीच्या बाया लांब बांधावर. त्यांत धोंडुबाई होती.

"या यादव, या," प्रोफेसर हसून म्हणाले. "तुमचीच वाट पाहत होतो. त्या बाई पायरी उतरतील तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहा."

पहिली बाई दोन पायऱ्या उतरलीही होती. तिच्या घोट्याला चिंधी होती. आत्ता गप्प राहिलं की कॅमेऱ्याचं बटण दाबलं जाणार होतं आणि सगळं कायमचं मिटणार होतं.

"थांबा," तो म्हणाला. गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हणाला. "थांबा, बाई. वर या. साहेब, ते शून्य खोटं आहे."

नारळ नाथाजींच्या हातातच राहिला.

"खोटं म्हणजे?" प्रोफेसरांनी चष्मा काढला. "पाहून लिहिलं होतं ना?"

"नाही साहेब."

"मग कसं लिहिलंत?"

"बहिणीच्या सासरी होतो, साहेब."

प्रोफेसरांना ते उमगलं की नाही कोण जाणे, पण गर्दीतल्या एकूण एक माणसाला उमगलं. पुरुष जवळ सरकले. नाथाजी पाटील पुढं आले, अगदी छातीला छाती भिडेपर्यंत. "पावनं, शुद्धीवर हाय का? आमच्या वाडीत नारू हाय म्हणता? कुणाला हाय? नाव घ्या की एखादं."

नाव होतं. जिभेवर होतं. मनुबाईचा पाय हा पुरावा होता आणि तो एका शब्दावर होता. मानसिंगनं बांधाकडं पाहिलं. धोंडुबाई डोक्यावरचा पदर धरून त्याच्याकडंच बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता. त्याला मनीची बोटं मनगटावर जाणवली.

"घेतो नाव," तो म्हणाला. "घमेलंभर पाणी द्या कुणीतरी. हिरीपासनं लांब, तिकडं वाळूत ठेवा."

कुणी हललं नाही. मग धोंडुबाईच बांधावरनं उतरली. शेजारच्या घरातनं घमेलं आणलं, पाणी ओतलं आणि मागं सरून उभी राहिली. मानसिंगनं फडकं सोडलं, विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि पोटरी पाण्यात बुडवली.

पाच मिनिटं झाली असतील. त्याला ती पाच वर्षं वाटली. मग फोड फुटला, पाणी गढुळलं आणि पांढरं टोक बाहेर आलं. आपल्याच मांसातनं ते जिवंत हलताना पाहून त्याला भोवळ यायला लागली, पण त्यानं पाय काढला नाही.

"नाव मानसिंग यादव," तो दात आवळून म्हणाला. "पुण्यात नळाचं पितो. कडेगावात नारू कुणी बघितलेला नाही. त्या दोन वस्त्यांत गाळल्याशिवाय थेंब घेतला नाही. साहेब, माझ्या पोटात बिनगाळलेलं गेलं ते इथलंच, एक तांब्या, गेल्या वैशाखात."

खडकवस्तीची ती चिंधीवाली बाई वर येऊन उभी होती. ती घागरीकडं बघत म्हणाली, "मग आमी पाणी कुठलं प्यायचं?"

नाथाजी सावरले. "तुमचं दुखणं तुमच्यापाशी ठेवा. एका माणसाच्या पायावरनं आमच्या हिरीला डाग लावता व्हय? आमच्यातलं एक माणूस दाखवा." पाठीमागनं दोघातिघांनी होला हो मिळवला. एकाच्या हातात काठी होती. प्रोफेसर कॅमेऱ्यावर फडकं टाकून उभे होते, चेहरा पांढराफटक. मानसिंगला कळून चुकलं की आपण आपलं सगळं घालवलं आणि त्याबदल्यात काहीच झालं नाही. ती ओळ आता पायऱ्या उतरणार.

त्याला घमेल्यातनं पाय काढायचं सुचलं नाही. धोंडुबाईनं वाकून तो काढला, आपल्या हातानं. मग घमेलं उचललं आणि विहिरीकडं पाठ करून, दूर उन्हात तापलेल्या मुरमाकडं चालू लागली. एक थेंब सांडू नये अशी जपून चालली होती. आणि लंगडत होती. सगळ्या वाडीसमोर, इतक्या सालांनी पहिल्यांदा, ती उघड लंगडत चालली.

पाणी ओतून ती परत आली आणि मानसिंगच्या शेजारी मातीत बसली. लुगडं चार बोटं वर घेतलं. काडीला गुंडाळलेला दोरा घोट्यावर चिंधीनं बांधलेला होता.

"लिही," ती म्हणाली. "धोंडुबाई, कोमदेव पाटलाची बायकू."

"वहिनी," नाथाजी ओरडले.

तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. मानसिंगनं खिशातला कोरा तक्ता गुडघ्यावर पसरला आणि हातात पेन्सिल घेऊन तिचं नाव लिहिलं. तिनं तो हात धरला आणि आवाज खाली आणला. गेल्या वर्षी पावनं, पावनं म्हणणारी बाई आज म्हणाली, "लेकरा, त्याच्याखाली मनीचं नाव लिही."

मानसिंगनं पेन्सिल कागदावरनं उचलली. "मावशी, तिनं मला काय सांगितलं न्हाई."

"तिनं कशाला सांगायचं? तोंडानं सांगाया माझीच जीभ रेटंना, म्हणून तिचा पाय तुझ्याकडं धाडला. न्हाईतर ओटी भरल्याबिगर सून माहेरी धाडाया मी काय येडी हाय?"